विसरणाऱ्या माणसाचा सांभाळ
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनी बोलण्याचा मान मंडळाने मला दिला, याबद्दल चालक भगिनींची मी आभारी आहे. अशा दिवशी काही उल्हासाचा विषय घ्यावा, हे मलाही कळते. परंतु चिटणीसबाईंनी विषय कळवायला सांगितले, तेव्हा गेल्या वर्षभरात आपल्यापैकी किती जणींनी मला जिन्यात, भाजीवाल्यापाशी, हळदीकुंकवाच्या गर्दीत बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारली, ते मी आठवून पाहिले. "आमच्या सासूबाई हल्ली फार विसरतात हो, काय करावे?" "वडील रात्री उठून दार उघडतात, त्यांना कुठे ठेवता येईल का?" प्रत्येकीचा आवाज दबलेला. जणू घरात काही लपवण्याजोगे घडले आहे! तीस वर्षे मी परिचारिकेचे काम केले आणि पुढे घरी सासूबाईंचे साडेसहा वर्षे केले, त्यामुळे या विषयातले थोडेफार मला कळते. तेव्हा जिन्यात कुजबुजलो ते आज मोकळेपणाने बोलू.

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. हसत हसत म्हणायला ती बरी, पण तिने आपले फार नुकसान केले आहे. वयाबरोबर थोडे विसरायला होते, हे खरे. आमटीत मीठ घालायचे राहिले, शेजारणीचे नाव पटकन ओठांवर आले नाही, तर ते वय. पण चाळीस वर्षे पुरणपोळ्या केलेल्या बाईला आधी डाळ शिजवावी की कणीक भिजवावी हेच सुचेनासे झाले, रोजच्या देवळातून घरी येण्याची वाट सापडेना, तर तो आजार समजावा. डॉ. अल्झायमर या जर्मन वैद्याने १९०१ साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात ज्या बाईला प्रथम तपासले आणि जिच्यावरून पुढे या रोगाला त्याचे नाव मिळाले, ती अवघी एक्कावन्न वर्षांची होती. म्हणजे साठीचाही संबंध नाही.

आपल्या देशात साठीच्या पुढच्या माणसांत शेकडा सात-साडेसात जणांना स्मृतिभ्रंश असावा, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे करणाऱ्याही बहुतेक बायका आणि ज्यांचे करायचे त्यांतही बायकाच जास्त. स्त्रियांच्या मंडळात हा विषय काढण्याला एवढे कारण पुरे आहे.

पहिली गोष्ट तपासणीची. विसरणारे प्रत्येक माणूस या आजाराचेच असते असे नाही. थायरॉइड मंदावले, ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले, मनाला उदासीनतेचा विकार जडला, पडल्यावर डोक्यात रक्त साकळले किंवा झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू राहिल्या, तरी माणूस असेच वागू लागते. आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. ब-१२चा प्रश्न तर आपल्यासारख्या शाकाहारी घरांतून विशेष. म्हणून मज्जातंतुतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडून एकदा नीट तपासून घ्यावे. मानसोपचाराच्या विभागात पाऊल टाकायला अजूनही काही घरांत लाज वाटते; ती लाज फार महाग पडते. खऱ्या स्मृतिभ्रंशावर आज जी औषधे सर्रास दिली जातात त्यांनी काहींना काही काळ फायदा होतो, रोग मात्र बरा होत नाही. तशी आशा दाखवणाऱ्या जाहिरातींना पैसे देऊ नयेत.

निदान झाले की पुष्कळ घरांत सगळे एकदम हवालदिल होतात आणि मग काहीच करीत नाहीत. वास्तविक आरंभीचा काळ हा फार मोलाचा असतो, कारण त्या माणसाला अजून स्वतःचे मत असते आणि सही करता येते. त्यांना पुढे काय हवे ते त्यांनाच विचारा. कागदपत्रे याच वेळी मार्गी लावा. एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: वडिलांनी मुलाला मुखत्यारपत्र करून दिले म्हणजे काम झाले, असे आपण समजतो; पण १८७२च्या करार कायद्याप्रमाणे, देणाऱ्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही की ते मुखत्यारपत्रच संपते. ज्या दिवशी खरी गरज पडते, नेमका त्याच दिवशी तो कागद निरुपयोगी! नंतर पालक नेमून घ्यायला न्यायालयाची पायरी चढावी लागते. त्यापेक्षा बँकेचे खाते दोघांच्या नावे, कोणालाही एकट्याने व्यवहार करता येईल असे करून घ्यावे. मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमक्ष करावे, आणि त्याच सुमारास बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला घ्यावा. घर मुलांच्या नावे करायचेच असेल, तर आपला सांभाळ करण्याची अट त्या दस्तातच स्पष्ट लिहावी. अट मोडली तर तसा दस्त रद्द करून मागण्याची सोय २००७च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात आहे. निवृत्तिवेतन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला चुकवू नका. तो आता घरबसल्याही देता येतो.

आता ज्या प्रश्नासाठी आपण मला बाजूला घेता, त्याकडे वळते. घरी ठेवावे की संस्थेत? मला हा प्रश्न नेहमी अपुरा वाटतो. मी उलट विचारते, "रात्री दोन वाजता कोण उठते?" या एका प्रश्नाने घराची सगळी घडण कळते. बहुधा उत्तर येते, "मीच." मग विचारते, "आणि सकाळी डबे कोण करते?" "मीच." भगिनींनो, हे असे चार महिने चालेल, वर्षभर चालेल. हा आजार पुष्कळदा आठ-दहा वर्षे चालतो. एकटीच्या पाठीवर दहा वर्षांचे ओझे देऊन त्याला कोणी 'घरी ठेवले' म्हणत असेल, तर ते अर्धेच खरे आहे. सासूबाई घरी राहिल्या आणि सूनबाई इस्पितळात गेली, असे घर मी पाहिलेले आहे.

मघाशी म्हटलेल्या २००७च्या कायद्यात आईवडिलांच्या पालनपोषणाची जबाबदारी कोणाकोणावर, ते लिहिले आहे. मुलगा, मुलगी, नातू, नात. मुद्दाम वाचून पाहा, त्यात सुनेचे नाव नाही! आणि प्रत्यक्षात? न्हाऊ घालणे, कपडे बदलणे, रात्रीचे उठणे, ज्यांचे नाव कायद्यात नाही त्यांच्याच वाट्याला. मी सुनांना भडकवायला आलेली नाही. सासूबाईंचे मी माझ्या हाताने केले आणि त्या मला शेवटी आई म्हणून हाक मारीत, ती हाक अजून कानांत आहे. माझे म्हणणे एवढेच, की ज्यांची नावे आहेत त्यांनी कामालाही यावे.

म्हणून निदान झाल्यावर महिन्याच्या आत सगळ्या भावंडांनी एकत्र बसावे. फोनवर नव्हे, समोरासमोर. परदेशी असतील त्यांनी पडद्यावर का होईना, पण पूर्ण वेळ. वही घ्यावी आणि चोवीस तास मांडावे. सकाळचे अंघोळीचे कोणाकडे? डॉक्टरकडे कोण नेणार? खर्चाचा हिशेब कोण ठेवणार? महिन्यातून चार दिवस आईला आपल्याकडे कोण नेणार, किंवा नेणे झेपत नसेल तर येऊन कोण राहणार? जो लांब आहे त्याने पैसा द्यावा, पण पैशाबरोबर वर्षातले पंधरा दिवसही द्यावेत. कारण लांबच्या माणसाला आजार दिसतच नाही. या रुग्णांची एक खोड असते. पाहुण्यांपुढे ते घटकाभर अगदी नीट वागतात. रविवारी व्हिडिओवर मुलगी विचारते, "आई, जेवलीस का?" आई हसून म्हणते, "जेवले गं, तू कशी आहेस?" फोन ठेवला की पाचव्या मिनिटाला, "मला या घरात कोणी अन्न देत नाही." मुलीला वाटते, वहिनी उगाच बाऊ करते. तिने एक रात्र राहावे, मग बोलावे.

घरी सांभाळायचे ठरले, तर वाद घालणे सोडावे लागते, आणि हेच सर्वांत जड जाते. "माझ्या बांगड्या हिने चोरल्या," असे सासू शेजारणीला सांगते तेव्हा सुनेचे काळीज फाटते. तो आरोप आजार करीत असतो. बांगड्या त्यांनीच तांदळाच्या डब्यात ठेवलेल्या असतात आणि विसरलेल्या असतात. रिकामी जागा भरून काढायला मन चोर तयार करते. "मी नाही घेतल्या" हे दहा वेळा सांगण्याऐवजी "चला, दोघी मिळून शोधू" म्हणावे, आणि खरे दागिने बँकेत ठेवून खोट्या बांगड्या हाताशी द्याव्यात. संध्याकाळ झाली की पुष्कळ जण अस्वस्थ होतात, "मला घरी जायचंय" म्हणून पिशवी भरतात. "हेच तर घर" हे उत्तर त्यांच्या कामाचे नसते. त्यांना जे घर हवे असते ते पन्नास वर्षांमागचे. त्या घराविषयी विचारावे, अंगणात काय होते, विहीर कुठे होती. दिवे लवकर लावावेत, परवचा म्हणायला बसवावे. मी असे रुग्ण पाहिले आहेत की ज्यांना मुलाचे नाव आठवत नसे, पण रामरक्षा अखंड म्हणत.

थोड्या व्यवहाराच्या गोष्टी सांगून टाकते. गॅसचा खटका रात्री सिलिंडरपाशीच बंद करावा. न्हाणीघराला आतून कडी ठेवू नये. नाव व घरचा फोन क्रमांक कापडावर लिहून परकराच्या नाडीपाशी किंवा सदऱ्याच्या आत शिवून टाकावा, कारण चिठ्ठी ते काढून फेकतात. वाण्याला, रिक्षावाल्यांना, पहारेकऱ्याला सांगून ठेवावे. लपवले तर रस्ता चुकलेले माणूस त्यांच्या समोरून जाईल आणि ते नमस्कार करून सोडून देतील. काम काढून घेऊ नये, हलके करून द्यावे. शेंगा सोलणे, लसूण निवडणे, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या. पुन्हा उलगडून पुन्हा घालायला दिल्या तरी चालते. आणि एखाद-दोन दिवसांत माणूस एकाएकी फार बदलले, बरळू लागले किंवा गुंगीत गेले, तर 'आजार वाढला' म्हणून बसू नये. लघवीचा विकार, ताप, पाणी कमी पडणे, कोठा जड होणे, नवी गोळी, यांपैकी काही असते आणि त्यावर त्याच दिवशी डॉक्टर लागतात.

पुढचा टप्पा ब्युरोच्या बाईचा. बारा तासांची की चोवीस तासांची, हे पैशावर ठरते, पण मी रात्रीच्या बाईला पहिला मान देते, कारण तिच्यामुळे घर झोपते. ओळखपत्र, पोलिसांकडची नोंद हे तर हवेच. पण खरी परीक्षा वेगळी. ती तुमच्याशी बोलते की रुग्णाशी बोलते ते पाहा. आल्या आल्या "आजी, केस विंचरून देऊ का?" म्हणणारी बाई ठेवावी. घरात शिरताच टीव्ही कुठे आहे ते पाहणारीला परत पाठवावे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २०१३ सालचा 'अस्तु' चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यात स्मृती गमावलेले संस्कृतपंडित एका हत्तीच्या मागे चालत जातात आणि माहुताच्या घरच्या बाईच्या हाती पडतात. त्यांची विद्वत्ता तिला ठाऊक नाही. ती त्यांना एका लेकरासारखे घेते, आणि ते शांत होतात. ही कला पुस्तकातून येत नाही. मात्र अशी बाई मिळाली तर तिला वेळेवर पगार, आठवड्याची सुट्टी आणि आपल्याच ताटातले जेवण द्या. तिला शिळे वाढून तिच्याकडून मायेची अपेक्षा करणारी घरेही मी पाहिली आहेत.

दिवसा सांभाळणारी केंद्रे मोठ्या शहरांतून निघाली आहेत, तिथे सकाळी सोडून संध्याकाळी आणता येते. जवळ असेल तर अवश्य पाहावे. नोकरी करणाऱ्या मुलीसुनांना तो मोठा आधार आहे.

आणि शेवटी संस्था. दिवसरात्र दोन माणसांचे बळ लागू लागले, रुग्ण मारू लागला, घरात सांभाळणारेच आजारी किंवा वृद्ध असले, तर संस्थेत ठेवण्यात मला कमीपणा दिसत नाही. "लोक काय म्हणतील" म्हणणाऱ्यांपैकी एकही माणूस रात्री दोनला उठायला येत नाही. परंतु संस्था निवडताना डोळे उघडे ठेवा. साध्या वृद्धाश्रमातून पुष्कळदा स्वतःचे स्वतः करणाऱ्यांनाच घेतात. आजार लपवून दाखल केले तर महिन्याने परत न्यायचा निरोप येतो. म्हणून निदानाचा कागद आधी पुढे ठेवावा.

पाहायला एकदा दिवसा जा आणि एकदा न कळवता संध्याकाळी, जेवणाच्या वेळी. दारात फिनेलचा वास भपकन आला तर समजावे, काहीतरी दाबले आहे. लघवीचा वास आला तर काही दाबलेलेही नाही! भरवणारी बाई बसून भरवते की उभ्याने कोंबते? नखे कापलेली आहेत का? किती जण खुर्चीला बांधलेले आहेत? सगळेच दुपारी गाढ झोपलेले असतील तर गुंगीच्या गोळ्यांची चौकशी करा. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मनोविकारावरच्या अशा काही गोळ्यांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, त्या डॉक्टरांनी अगदी गरजेपुरत्या आणि थोड्या दिवसांसाठीच द्यायच्या असतात. रात्री किती रुग्णांमागे किती माणसे? रात्री-अपरात्री कोणत्या इस्पितळात नेणार, कोणाला कळवणार? अंथरुणाला खिळल्यावरही ठेवणार का? अनामत रक्कम कधी, किती परत? ही सगळी उत्तरे लेखी घ्या. आमच्या परिचयातल्या एका कुटुंबाला एका संस्थेने तीन महिन्यांनी "आता झेपत नाही" म्हणून आजोबा परत पाठवले आणि अनामत मागितल्यावर वर्षभर फेऱ्या मारायला लावल्या. तोंडच्या गोड बोलण्याला कागदाचा आधार नव्हता.

ठेवल्यानंतरही आपले काम संपत नाही. पहिला महिना रुग्णाला आणि घरच्यांना फार वाईट जातो. त्यांची जुनी चादर, देवाची तसबीर, तरुणपणचा फोटो बरोबर द्यावा. सेवकांना एका कागदावर लिहून द्यावे, की या शिक्षिका होत्या, यांना गोड चहा लागतो, डाव्या कानाने ऐकू येत नाही, 'बाई' म्हटले की खुलतात. कोणी ना कोणी वेगवेगळ्या वेळी जात राहावे. ज्याच्याकडे येणारे-जाणारे असतात त्याच्याकडे लक्षही जास्त राहते, हे मी नोकरीत रोज पाहिले.

थोडे आपल्यासाठीही. रक्तदाब, मधुमेह यांवर ताबा, तंबाखू-मिश्री बंद, चालणे, माणसांत मिसळणे आणि कमी ऐकू येत असेल तर लाज न बाळगता कानाचे यंत्र, यांनी हा आजार टळण्याची किंवा लांबण्याची शक्यता वाढते. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेच्या तज्ज्ञमंडळाने अशी चौदा कारणे मोजून सांगितली आहेत. कानाच्या यंत्राचा उल्लेख मी मुद्दाम केला. या सभेत निदान सहा जणींना त्याची गरज आहे आणि त्या पाठीमागे बसल्या आहेत.

बाहेरची मदत हवी असेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ आणि मनाच्या आरोग्यासाठी १४४१६, हे सरकारी दूरध्वनी क्रमांक विनाशुल्क आहेत. लिहून घ्या.

आता मंडळापुढे एक मागणी ठेवून खाली बसते. आपले सभागृह दुपारी दोन ते पाच रिकामे असते. आठवड्यातून दोन दिवस ते उघडे ठेवावे. सांभाळणाऱ्या भगिनीने आपल्या सासूला, आईला, वडिलांना तिथे आणून सोडावे आणि तीन तास झोपावे, बँकेत जावे, नाहीतर नुसते मैत्रिणीकडे बसावे. एका वेळी चार-पाच रुग्ण, दोघी स्वयंसेविका, आणि पहिले तीन महिने मी स्वतः. पंखे आहेत, न्हाणीघर जवळ आहे, पायरीला कठडा तेवढा बसवावा लागेल. त्याचा खर्च भजनी वर्गाच्या शिलकीतून भागेल, असे खजिनदारबाईंनी हिशेब पाहून सांगितले आहे. मात्र रुग्णांच्या घरच्यांशिवाय आणखी निदान आठ जणी हव्यात. येण्यास तयार असतील त्यांनी सभेनंतर चिटणीसबाईंकडे नाव द्यावे, आणि मंगळवार जमेल की शुक्रवार, तेही लिहावे.